पॉवरलाइन संचाचे आठ महिने: नेटवर्कचा समन्वयक कोण असावा?

रोज रात्री साडेअकराच्या सुमारास नेट जायचे आणि मिनिटभराने आपोआप परत यायचे. घरातल्या विजेच्या तारांमधूनच नेट पोहोचवणारा, चार अडॅप्टरांचा, होमप्लग एव्ही पद्धतीचा हा पॉवरलाइन संच घेतल्यापासून तीन महिने मी घरातल्या वायरिंगलाच दोष देत होतो. कंपनीच्या सेवा केंद्राने आधी राउटर बदलायला सांगितले आणि नंतर संपूर्ण संचच नवा घ्यावा, असे सुचवले. चालू स्थितीतल्या वस्तू टाकून देणे मला पटत नाही, म्हणून संगणकावरच्या साधनाने मी स्वतःच नेटवर्कची माहिती काढली आणि खरे कारण सापडले.

अशा प्रत्येक नेटवर्कमध्ये एक अडॅप्टर समन्वयक असतो. तो ठरावीक अंतराने बीकन, म्हणजे सर्वांची वेळ जुळवणारा छोटा संदेश, पाठवतो (५० हर्ट्झच्या विजेवर दर ४० मिलिसेकंदांनी, म्हणजे दोन आवर्तनांतून एकदा), नव्या अडॅप्टरला ओळख क्रमांक देतो आणि कोणी केव्हा बोलायचे ते ठरवतो. माझ्या घरी हे काम अभ्यासाच्या खोलीतल्या अडॅप्टरकडे गेले होते, कारण मी तो सर्वांत आधी लावला होता. झोपण्यापूर्वी त्या टेबलाचे बटण बंद केले, की समन्वयक जायचा आणि उरलेल्या तिघांना नेटवर्क नव्याने उभारावे लागायचे. निवड स्वयंचलित असते हे खरे. पण कोणाला किती अडॅप्टर दिसतात एवढेच तीत पाहिले जाते, किती स्पष्ट दिसतात हे नाही. माझ्याकडे सर्वांना सर्व दिसत होते, त्यामुळे भूमिका पहिल्याकडेच राहिली.

मग मी राउटरजवळच्या अडॅप्टरला कायमचा समन्वयक नेमले. रात्रीची खंडितता त्याच दिवशी थांबली, आणि हीच योग्य निवड आहे, असे मी एका मित्राला ठामपणे सांगितलेही. ते मत मला बदलावे लागले. वॉशिंग मशीन सुरू झाले, की वरच्या मजल्यावरच्या अडॅप्टरचा हिरवा दिवा लाल व्हायचा, कारण एवढ्या लांबून येणारा बीकन त्या गोंगाटात त्याला नीट ऐकू येत नसे. राउटर सर्वांत महत्त्वाचा, म्हणून समन्वयकही तिथेच, हा माझा तर्क चुकीचा होता: अडॅप्टर एकमेकांशी थेट बोलतात, माहितीला समन्वयकातून जावे लागत नाही. त्याने सर्वांना ऐकू जाईल अशा जागी असणे आणि सदैव चालू असणे, एवढेच पुरे.

जिन्याजवळचा अडॅप्टर त्या कसोटीला उतरला. तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट बसवला आहे. सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर उच्च वारंवारतेचा संकेत क्षीण होतो, म्हणून मी तो मार्ग टाळला. त्याच्या केबलला जोडलेले वायफायचे यंत्र कधीच बंद होत नाही, तरीही वीजबचतीची सोय मी मुद्दाम काढून टाकली, कारण झोपी जाणारा समन्वयक मला नको होता. या गोष्टीला पाच महिने झाले आणि वॉशिंग मशीन चालू असतानाही वरचा दिवा हिरवाच असतो.

संचाच्या वेगाबद्दल माझी तक्रार नाही. पण चौघांपैकी समन्वयक कोण, हे दाखवणारा एकही दिवा या अडॅप्टरांवर नाही आणि माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही, याचा मला आजही राग येतो. एका छोट्या दिव्याने माझे तीन महिने वाचले असते, म्हणून पाचपैकी दोन तारे मी केवळ त्यासाठी कापले आहेत.