सीएनजी की बॅटरी? सबसिडी, विमा आणि डिक्कीतली टाकी

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात आता दर पंधरा दिवसांनी कुणीतरी अडवतं, "भाऊ, सीएनजी घेऊ का बॅटरीवाली?" मी दोन्ही वापरल्या. पाच वर्षं सीएनजी, आणि आता दीड वर्ष झालं, हिरव्या नंबरप्लेटची गाडी दारात उभी असते. मायलेज आणि रेंज शोरूमवाला सांगेलच. मी कागदांचं सांगतो.

सबसिडी हा शब्द आधी डोक्यातून काढा. केंद्राच्या 'फेम-२' या इलेक्ट्रिक गाड्यांच्या योजनेत चारचाकीचं अनुदान टॅक्सीवाल्यांना होतं, घरच्या गाडीला नव्हतंच. त्यानंतर आलेल्या 'पीएम ई-ड्राइव्ह'मध्ये मोटारींना जागाच नाही. गाडीकर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखापर्यंतची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे. राज्याच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणातले जास्तीत जास्त दीड लाख पहिल्या दहा हजार मोटारींपुरते होते. आता २०२५ चं नवं धोरण २०३० पर्यंत आहे, पण विक्रेता जी रक्कम तोंडी सांगेल ती कोटेशनमध्ये किमतीतून वजा झालेली दिसली तरच खरी माना. "मागून खात्यात येईल" यावर माझा विश्वास नाही. कापसाच्या चुकाऱ्यापासून पीकविम्यापर्यंत मागून येणारं बरंच पाहून झालंय.

खरा फायदा दोन जागी दिसतो. बॅटरीच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के, म्हणजे अंतर पूर्वीपेक्षा बरंच कमी झालंय, हे सीएनजीच्या बाजूनं मान्य करायला हवं. दुसरी जागा आरटीओची. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, सीएनजीला ७ होता तो २०२५ मध्ये एक टक्क्यानं वाढला, आणि बॅटरीवालीला माफ. समृद्धीवरची टोलमाफीही धोरणात लिहिलेली आहे, तेव्हा फास्टॅगवर गाडी इलेक्ट्रिक म्हणून चढली आहे का, ते पाहून घ्या.

विम्याचं गाजर त्यापेक्षा लहान आहे. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या हप्त्यात, बॅटरीवालीला १५ टक्के सूट मिळते. जून २०२२ पासूनच्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या नव्या पेट्रोल गाडीचा तीन वर्षांचा हप्ता १०,६४० रुपये, आणि ३० ते ६५ किलोवॅटच्या इलेक्ट्रिकचा ९,०४४. सोळाशे रुपयांसाठी कुणी गाडी बदलत नाही. उलट बॅटरीमुळे गाडीची किंमत जास्त, म्हणून स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मला जास्तच पडला.

तरी माझं मन विम्यावरूनच फिरलं. तेव्हा सीएनजी होती. दिवाळीच्या आधी, सोयाबीन निघायच्या दिवसांत, रात्री नऊच्या सुमारास तुरीच्या वावरातून रोही (नीलगाय) उडाली ती थेट बोनेटवर. रेडिएटर फुटला, बंपर लोंबकळत राहिला. विमा कंपनीचा सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आला. पुढून फोटो काढले, मग मागे गेला आणि डिक्की उघडायला लावली. गव्हाचं पोतं बाजूला सारून टाकीवरची पट्टी मोबाईलच्या उजेडात वाचली आणि म्हणाला, "टेस्टची तारीख गेली तुमची." दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं तपासणी, करावी लागते, माझी दोन महिने उलटून गेली होती. मी म्हटलं, "साहेब, रोही समोरून आली, टाकी मागं आहे!" तो हसला, पण लिहायचं ते लिहिलं.

मग टाकी उतरवून नागपूरला नेली, सर्टिफिकेट आणलं, पत्रं लिहिली, आणि साडेतीन महिन्यांनी क्लेम कापून-छाटून मिळाला. चूक माझी होती, नाकारत नाही. पण ज्या वस्तूचा अपघाताशी संबंध नाही, तिच्या तारखेवर माझे पैसे अडतात, हे मनातून जाईना.

बॅटरीवालीची डोकेदुखी वेगळी. घरी चार्जर लावला तर लाल दिवा लागला, कारण घराला अर्थिंगच धड नव्हतं. अंगणात खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची तार असा दिवसभराचा उद्योग झाला. (शेतीपंपाच्या लाइनवर चार्जिंग करायचं मनात आणू नका, ते नियमात बसत नाही.) विम्यात एक गोष्ट मात्र न चुकता पाहा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि बॅटरीच्या भरपाईत निम्मी कपात होते, म्हणून मी झिरो डेप (ही कपात न करणारं कव्हर) आणि बॅटरीचं वेगळं कव्हर दोन्ही घेतलं. श्रावणात नाल्याला पूर असताना गाडी पाण्यात घातली, तर कंपनीची बॅटरी वॉरंटी कामाला येणार नाही, हे कव्हरच येईल. आणि ते शब्द पॉलिसीत छापलेले हवेत, एजंटच्या तोंडचे नकोत.

आठवड्यातून तीनदा नागपूर करत असाल, किंवा भाड्याच्या घरात मालक मीटरला हात लावू देत नसेल, तर सीएनजी घेतली म्हणून मी कुणाला नावं ठेवणार नाही. वर्धा, अमरावती, वावर आणि बाजार एवढीच धाव असेल, तर माझ्या मते दारातला प्लग बरा. चुलतभावानं परवा सीएनजीच बुक केली. त्याच्या मोबाईलमध्ये मी टाकीच्या टेस्टची तारीख टाकून दिली, वर दोन महिने आधीचा अलार्म.