न बनलेल्या चित्रपटांवरचे तीन माहितीपट: आधी कोणता पाहावा?

पटकथा लिहून झाली, कलाकार ठरले, पोशाखही शिवले गेले आणि तरीही चित्रपट डब्यात गेला, किंवा ओळखू येऊ नये इतका बदलून पडद्यावर आला, अशा प्रकल्पांविषयी गेल्या पंचवीस वर्षांत काही उत्तम माहितीपट निघाले आहेत. हा विषय नव्याने हाती घेणाऱ्या प्रेक्षकाने कोठून सुरुवात करावी हे ठरवताना तीन नावे समोर येतात: फ्रँक पॅविच यांचा ‘होदोरोव्स्कीज ड्यून’ (२०१३), जॉन श्नेप यांचा ‘द डेथ ऑफ सुपरमॅन लिव्ह्ज: व्हॉट हॅपन्ड?’ (२०१५) आणि ट्रुडी स्टायलर व जॉन-पॉल डेव्हिडसन यांचा ‘द स्वेटबॉक्स’ (२००२). टेरी गिलियम यांच्या डॉन किहोतेवरील चित्रपटाची कहाणी सांगणारा ‘लॉस्ट इन ला मांचा’ मी येथे बाजूला ठेवला आहे, कारण ते काम चित्रीकरण सुरू झाल्यावर पुरामुळे आणि मुख्य अभिनेत्याच्या आजारपणामुळे कोसळले. शिवाय त्यामागचा पैसा युरोपातला होता. येथे प्रश्न आहे तो चित्रीकरणापूर्वी किंवा निर्मितीच्या ऐन मध्यावर, बैठकांच्या खोलीत घडणाऱ्या घडामोडींचा.

तिन्हींची तुलना करताना विषयाच्या भव्यतेपेक्षा मला एक साधा निकष अधिक उपयोगी वाटतो. कॅमेरा घटनास्थळी केव्हा पोहोचला, आणि जो पक्ष जिंकला त्याला बोलण्याची संधी मिळाली का?

या कसोटीवर सर्वांत लोकप्रिय असलेला ‘ड्यून’चा माहितीपट सर्वांत कमकुवत ठरतो, आणि तरीही पाहताना सर्वाधिक आनंद तोच देतो. निर्माते मिशेल सेदू यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यावर दिग्दर्शक अलेहांद्रो होदोरोव्स्की यांना हवा तो चित्रपट करण्याची मुभा दिली आणि त्यांनी फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही विज्ञानकादंबरी निवडली, जी तोपर्यंत त्यांनी वाचलेलीही नव्हती. सम्राटाच्या भूमिकेसाठी साल्वादोर दाली, खलनायक बॅरनसाठी ऑर्सन वेल्स, संगीतासाठी पिंक फ्लॉइड अशी योजना होती. दिग्दर्शकाच्या मुलाने नायकाच्या भूमिकेसाठी दोन वर्षे युद्धकलेचे शिक्षण घेतले. मोबियस या नावाने ओळखले जाणारे चित्रकार झाँ जिरो यांनी जवळजवळ संपूर्ण चित्रपट सुमारे ३,००० रेखाटनांत उतरवला, आणि त्या रेखाटनांचा जाडजूड ग्रंथ हॉलिवूडच्या स्टुडिओंकडे पाठवण्यात आला. दीड कोटी डॉलरांच्या अंदाजपत्रकातील उरलेली रक्कम मात्र एकाही स्टुडिओने देऊ केली नाही. हक्क पुढे दिनो दे लॉरेंटिस यांच्याकडे गेले आणि १९८४ साली डेव्हिड लिंच यांचा ‘ड्यून’ आला.

पॅविच यांनी ही रेखाटने हलती करून दाखवली आहेत आणि ऐंशीच्या घरातले होदोरोव्स्की कॅमेऱ्यासमोर असे काही रंगतात की त्यांच्यावरून नजर हटत नाही. अडचण अशी की दाली आणि वेल्स केव्हाच निवर्तले होते, त्यामुळे त्यांच्याविषयीचे खुसखुशीत किस्से तपासायला कोणी उरलेले नाही, आणि नकार देणाऱ्या स्टुडिओंची बाजू जवळजवळ ऐकूच येत नाही. त्या ग्रंथातील दृश्ये पुढच्या अनेक गाजलेल्या चित्रपटांत झिरपली, हा माहितीपटाचा दावा काही ठिकाणी निव्वळ दृश्यसाम्यावर उभा आहे. होदोरोव्स्की यांच्या चमूतले डॅन ओबॅनन (दृश्यपरिणाम) आणि गायगर, फॉस व मोबियस हे चित्रकार पुढे ‘एलियन’साठी (१९७९) एकत्र आले, हा दुवा मात्र पक्का आहे. घरातल्या मुलांसोबत पाहणार असाल तर एक सूचना: मूळ कादंबरीशी आपण घेतलेले स्वातंत्र्य सांगताना होदोरोव्स्की बलात्काराची उपमा वापरतात, आणि ती सहज कानाआड करता येण्यासारखी नाही. (याच ग्रंथाची एक प्रत २०२१ साली लिलावात २६ लाख युरोंहून अधिक किमतीला विकली गेली. घेणाऱ्या गटाच्या मनात अॅनिमेशन मालिका काढण्याचे बेत होते. पण पुस्तक विकत घेतल्याने चित्रपटाचे हक्क मिळत नाहीत.)

‘सुपरमॅन लिव्ह्ज’ची कहाणी अस्सल हॉलिवूडची आहे. वॉर्नर ब्रदर्ससाठी निर्माते जॉन पीटर्स, दिग्दर्शक टिम बर्टन, नायक निकोलस केज असा संच ठरला होता; केव्हिन स्मिथ, वेस्ली स्ट्रिक आणि डॅन गिलरॉय अशा एकामागून एक पटकथाकारांच्या हातून संहिता गेली; आणि १९९८ साली, स्टुडिओचे अनेक महागडे चित्रपट आपटल्यानंतर, सुमारे तीन कोटी डॉलर खर्चून झालेले काम थांबवण्यात आले. सुपरमॅनने उडू नये, नेहमीचा पोशाख घालू नये आणि शेवटच्या अंकात राक्षसी कोळ्याशी लढावे अशा अटी पीटर्स यांनी घातल्याचे स्मिथ अनेक वर्षे रंगवून सांगत आले आहेत. पीटर्स यांच्याच पुढच्या ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’मध्ये (१९९९) महाकाय यांत्रिक कोळी अवतरला, त्यामुळे या किश्शाला बळ मिळाले.

श्नेप यांचे श्रेय असे की ते या किश्शावर थांबले नाहीत. बर्टन, स्मिथ, पुढचे पटकथाकार, स्टुडिओतील तत्कालीन अधिकारी आणि खुद्द पीटर्स या सर्वांना त्यांनी बोलते केले आहे. त्यांच्या हकिकती परस्परांशी जुळत नाहीत, आणि प्रेक्षकाला खरे शिक्षण त्या विसंगतीतूनच मिळते: एकच बैठक पटकथाकाराला मूर्खपणाची, निर्मात्याला सर्जनशीलतेची आणि अधिकाऱ्याला केवळ आकडेमोडीची वाटू शकते. पोशाखाच्या चाचणीतले केज पाहताना ज्या छायाचित्राची वर्षानुवर्षे टवाळी झाली त्यामागे किती गांभीर्याने काम चालले होते हे कळते. उणीव एवढीच की केज यांची नवी मुलाखत नाही, आणि लोकवर्गणीच्या तुटपुंज्या पैशातून उभी केलेली नाट्यरूपांतरे हौशी वाटतात. संकलनात पंधरा मिनिटे कमी झाली असती तर बरे झाले असते.

‘द स्वेटबॉक्स’ची जात वेगळी आहे, कारण येथे कॅमेरा आधीपासूनच खोलीत होता. डिस्नीच्या ‘किंगडम ऑफ द सन’ या इंका संस्कृतीवरील गंभीर अॅनिमेशनपटासाठी गायक स्टिंग यांनी गाणी द्यायची आणि त्यांच्या पत्नी स्टायलर यांनी ती प्रक्रिया चित्रित करायची, असे ठरले होते. ‘द लायन किंग’चे सहदिग्दर्शक रॉजर अॅलर्स यांनी आखलेला, राजा आणि त्याच्यासारखा दिसणारा लामा राखणारा यांच्या अदलाबदलीचा हा चित्रपट अंतर्गत दाखवणीनंतर वरिष्ठांना पटला नाही, प्रदर्शनाची तारीख व्यापारी करारांशी बांधलेली असल्याने अॅलर्स यांना वाढीव वेळ मिळाला नाही आणि ते बाहेर पडले. त्याच सामग्रीतून मार्क डिंडल यांचा ‘द एम्परर्स न्यू ग्रूव्ह’ (२०००) हा खट्याळ विनोदी चित्रपट उभा राहिला. आपली गाणी वगळली जात असल्याचे स्टिंग यांना कळते तेव्हाही आपण तेथे हजर असतो. पुढे नव्या चित्रपटाचा शेवट निसर्गविरोधी होतो आहे असे पत्र ते लिहितात आणि शेवट बदलला जातो. येथे कोणी खलनायक नाही, आणि अधिकाऱ्यांचा निर्णय चुकीचा होता असेही म्हणता येत नाही, कारण अखेरीस बनलेला चित्रपट चांगला आहे.

मात्र हक्क डिस्नीकडे असल्याने २००२ सालच्या मोजक्या खेळांनंतर हा माहितीपट सर्वसाधारण प्रदर्शनासाठी आलाच नाही. २०१२ साली त्याची प्रत इंटरनेटवर फुटली, तेवढीच त्याची प्रसिद्धी. म्हणून गुणवत्तेत पहिला असूनही अधिकृत मार्गाने पाहणाऱ्यासाठी तो यादीबाहेर राहतो.

चित्रकला, विज्ञानकथा किंवा चित्रमालिका यांची आवड असेल आणि एक रम्य संध्याकाळ हवी असेल तर ‘ड्यून’ घ्यावा. पटकथालेखन किंवा निर्मिती शिकणाऱ्याने, सुपरमॅनशी काही देणेघेणे नसले तरी, श्नेप यांच्या माहितीपटापासून सुरुवात करावी, आणि शक्य असल्यास त्यापूर्वी स्मिथ यांचा किस्सा ऐकू नये.