इंग्लंडच्या चिखलात बिनगिअरची एमटीबी (माउंटन बाइक): दोन हिवाळे वापरून

रेडिंगला राहतो. चिल्टर्नच्या टेकड्या इथून जवळ आहेत, पण नोव्हेंबर ते मार्च तिथल्या ब्रायडलवेवरचा (घोड्यांसाठीही खुल्या असलेल्या वाटांवरचा) चिखल वाळायचं नावच घेत नाही. चिकणमाती, त्यात गारगोट्या, वर कुजलेली पानं, आणि त्याच वाटेनं घोडे जातात (सायकललाही ब्रायडलवेवर १९६८च्या कायद्यापासून परवानगी आहे, फक्त पायी चालायच्या वाटांवर नाही) त्यामुळे खुरांनी सगळं उकरलेलं. आधीच्या गिअरवाल्या सायकलचं मागचं डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) अशाच वाटेवर पानं-काटक्यांचा गोळा अडकून, ते ज्याला टांगलेलं असतं त्या हँगरसकट वाकलं, तेव्हाच ठरवलं की हिवाळ्यासाठी वेगळी सायकल घ्यायची, तीही सिंगलस्पीड, म्हणजे एकाच गिअरची.

कमी बजेटमध्ये नवी चांगली सिंगलस्पीड एमटीबी शोधत बसण्यापेक्षा जुनी हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. मी जुनी स्टीलची २९ इंची घेतली, अडीचशे पाउंडच्या आसपास. घेताना रंग, स्टिकर काही बघू नका, आधी मागचे ड्रॉपआउट (फ्रेमच्या ज्या खाचांत चाकाचा आस बसतो त्या) बघा. ते सरकणारे असतील तर चाक मागेपुढे करून चेन ताणता येते. साधे उभे असतील तर चेन ताणून धरणारा स्प्रिंगवाला टेन्शनर लावावा लागतो, म्हणजे चिखल अडकायला जागा परत तिथंच तयार! दुसरं म्हणजे चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्या) आणि टायरमध्ये किती जागा आहे ते बघा, दोन्ही बाजूला बोट आरामात गेलं पाहिजे, नाहीतर चिल्टर्नची माती त्या फटीत मळलेल्या कणकेसारखी बसते आणि चाक फिरायचंच थांबतं.

गिअर काढून टाकायचं काम सोपं आहे. कॅसेटच्या (मागच्या गिअरच्या चकत्यांच्या गठ्ठ्याच्या) जागी एक कॉग (दातेरी चकती) आणि उरलेली जागा भरायला स्पेसर, चेन सरळ रेषेत आली की झालं. फक्त कॉग रुंद बुडाचा घ्या, पातळ कॉग जोर लावला की ॲल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये (मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॉग बसतो त्यात) रुततो. चेन मधोमध बोटानं वरखाली केली की साधारण सेंटिमीटरभर हलावी, फार ताणली तर बेअरिंग खातात.

रेशो (पुढच्या आणि मागच्या चकतीचे दात): बरेच जण २९ इंचीला ३२-१८ सांगतात. कोरड्यात ठीक आहे, चिखलात टायरच इतका ओढतो की मी ३२-२० लावलं आणि तेच ठेवलंय. सपाट रस्त्यावर पाय भराभर फिरतात आणि वेग काही येत नाही, घरापासून जंगलापर्यंतचा डांबरी पट्टा खरंच कंटाळवाणा होतो. पण चढावर खाली बसून पॅडल मारायचा विचारच सोडायचा, आधीपासून वेग धरायचा, उभं राहायचं, आणि मागचं चाक घसरायला लागलं की पार्श्वभाग जरा मागे न्यायचा. हे जमायला लागलं ना की मजा वेगळीच, समोर फक्त वाट असते आणि बोटं कुठलं बटण शोधत नाहीत.

वाचलेले पैसे टायरवर घाला. रुंद टायर चिखलावर तरंगतो आणि घसरतो, त्यापेक्षा थोडा अरुंद, उंच आणि दूर-दूर उंचवट्यांचा टायर खालपर्यंत रुततो आणि माती झटकतोही. ट्यूबलेस केलेलं बरं, गारगोट्यांची धार वाईट असते. स्ट्रीटली गावाच्या पश्चिमेला रिजवे या जुन्या वाटेवर ओला चॉक (खडूचा दगड) लागतो, तिथं मात्र कुठलाच टायर धरत नाही, वळणावर ब्रेक लावायचाच नाही.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्कच हवेत. रेझिनचे पॅड या वाळू-चिखलात बघता बघता संपतात, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड ओले झाले की किंचाळतात पण टिकतात. पुढे सस्पेन्शन नसलेला रिजिड फोर्क आहे, मुळांवरून जाताना मनगटं ठणकतात, थंडीत जास्तच, पण सील बदलायची भानगड नाही.

धुणं म्हणजे बादली, ब्रश, चेन पुसून वेट ल्यूब (ओल्या हवेसाठीचं तेल), बास. प्रेशरचं पाणी हबवर मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस जातं. दोन हिवाळ्यांत चेन बदलली, पॅड बदलले, बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या आसाची बेअरिंग) एकदा, तो आट्यांचा (थ्रेडेड) होता म्हणून घरीच निघाला.

गुडघ्यांचा त्रास असेल तर मात्र घेऊ नका, उभ्यानं जोर लावताना सगळा भार तिथंच येतो. घ्यायचीच असेल तर ३२-२२ पासून सुरू करा, कॉग स्वस्त असतो, पुढे कमी दातांचा लावता येतो.