इजिप्तची ग्रुप टूर: देशाला पाचपैकी पाच, टूरवाल्यांना तीन

जळगावहून इजिप्तला जाऊन आलो तेव्हापासून नातेवाईक, कॉलनीतले, सगळे एकच विचारतात, पैसे वसूल झाले का भो? म्हणून एकदाच लिहून टाकतो. कंपनीचं नाव देत नाही, बुकिंगच्या आधी बाकीच्यांचे कार्यक्रमही पाहिले होते आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचं सारखंच चाललंय.

पहिली गोष्ट, नुसती कैरोची छोटी टूर स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. पिरॅमिड मोठाच आहे, त्यात वाद नाही, खुफू राजाचा पिरॅमिड मूळचा साधारण १४६ मीटर, आता १३८ च्या आसपास उरलाय, साडेचार हजार वर्षं झाली. पण तिथे उंटवाले, घोडागाडीवाले, टोपीवाले असे मागे लागतात, इंडियन दिसला की "अमिताभ बच्चन, अमिताभ बच्चन" सुरू, की धड मान वर करून बघताही येत नाही. आत जायचं तिकीट वेगळं, वाकून वाकून चढत जायचं आणि वर रिकामी खोली नि एक दगडी पेटी. गुडघ्यांचा त्रास असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. म्युझियमला मात्र पूर्ण दिवस द्या, पिरॅमिडजवळचं ते नवीन ग्रँड इजिप्शियन म्युझियम, १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेन राजाच्या थडग्यातल्या वस्तू तिथे मांडल्यात, आणि आम्हाला दिली होती सकाळ फक्त. का, तर दुपारी अत्तराचं दुकान.

हे दुकान प्रकरण सविस्तर सांगतो कारण खरी तक्रार हीच आहे. अत्तर, पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेला जुन्या पद्धतीचा कागद, लक्सरला संगमरवरासारख्या दगडाचा कारखाना, प्रत्येक ठिकाणी चहापाणी, डेमो आणि मग "फक्त तुमच्यासाठी" डिस्काउंट. कार्यक्रमाच्या कागदावर याचा एक शब्द नव्हता. पपायरसवाला पोरगा मोठ्या तावातावाने सांगत होता की बाहेर रस्त्यावर नकली मिळतो, तो केळीच्या पानांचा असतो, घेऊ नका, आणि आमच्या ग्रुपमधले रावेरचे एक काका, घरची केळी, ते पुढे सरसावले की बाबा तो नकलीवालाच दाखव आधी, भाव काय त्याचा? पोराला काही कळेना, सगळा ग्रुप हसून बेजार.

आता दक्षिणेकडचं. लक्सर ते आस्वान नाईलमधून क्रूझ, हा सगळ्या पॅकेजचा जीव. बोटीच्या वरच्या डेकवर बसलं की दोन्ही काठांना हिरवी पट्टी, ऊस, खजूर, केळी, आणि त्या पट्टीच्या मागे लगेच पिवळा कोरडा डोंगर, झुडूपसुद्धा नाही. पाऊस तिथे पडतच नाही म्हटलं तरी चालेल, जे आहे ते नदीचं. काका एका ठिकाणी केळीच्या बागेत घुसलेच, घड हाताने उचलून बघितला, फण्या मोजल्या, मोकळं पाणी सोडलेलं बघून "ड्रीप नाही का रे यांच्याकडे" म्हणून हळहळले.

लक्सरचं कर्नाक मंदिर, तिथल्या एका मंडपातच १३४ खांब आहेत, मधले तर इतके जाड की पाच-सहा माणसांनी हात धरले तरी पुरत नाहीत. व्हॅली ऑफ किंग्ज म्हणजे राजांच्या थडग्यांची दरी, तिथल्या साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात, तुतनखामेनचं तिकीट वेगळं, सहाव्या रामसेसचंही वेगळं. टूरवाले तुतनखामेनचंच पुढे करतात कारण नाव मोठं, पण थडगं लहान आहे. माझं ऐकाल तर पैसे रामसेसवर घाला. आत उतरत गेलं की शेवटच्या खोलीच्या छतावर गडद निळ्यावर पिवळ्या रंगात आकाशाची देवी नूत, आकाशभर लांब, संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला परत जन्म देते, सूर्याचे लाल गोळे तिच्या अंगातून ओळीने चाललेले दिसतात. तीन हजार वर्षांहून जुना रंग! आपण अजिंठ्याच्या उशाशी राहणारी माणसं, भिंतीवरचा रंग काय असतो ते आपल्याला कोणी शिकवायला नको, तरी तोंड उघडंच राहिलं.

अबू सिंबेलच्या डोंगरात कोरलेल्या मंदिरांना जायला पहाटे अंधारात निघावं लागतं, वाळवंटातून तीन-साडेतीन तास बस. कंटाळा करू नका. आस्वानच्या मोठ्या धरणाच्या पाण्यात ही मंदिरं जाणार होती म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने डोंगर कापून, तुकडे करून, साधारण ६५ मीटर वर नेऊन परत जोडली. आपल्याकडच्या हतनूर धरणाच्या पाण्यात गावं गेलेली ज्यांनी बघितलीत त्यांना हे बघताना काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

जेवण. कंपनीने "इंडियन डिनर" म्हणून जे दिलं ते गोडसर पनीर नि पातळ वरण, ते सोडा. बाहेर कोशरी खा, भात, मसूर, मॅकरोनी, छोले, टोमॅटोचा सॉस, वर तळलेला कांदा, शुद्ध शाकाहारी आणि पोटभर. तिखट मागून घ्या, तरी आपल्याला कमीच लागणार, शेव भाजीवाल्या जिभेला काय होतंय त्याने. ठेच्याची बरणी बॅगेत असू द्या. आस्वानला करकदे म्हणून लाल सरबत देतात, लाल अंबाडीच्या बोंडांचं, थंडगार, आंबट, मी तर रोज प्यायलो.

गाईड उत्तम होता, इतिहास शिकलेला, तीन स्टार त्याचेच. टिपचे पैसे कंपनी आधीच घेते, तरी टॉयलेटपासून बोटवाल्यापर्यंत सगळे बक्षीस मागतात, सुटे ठेवा. तिकिटाला बऱ्याच ठिकाणी कार्डच लागतं. डिसेंबर-जानेवारीत जा, उन्हाळ्यात आस्वान म्हणजे आपला मे महिना, वरून सावली नाही. आणि बुकिंगच्या वेळी दुकानं किती, कोणत्या दिवशी, किती वेळ, ते लिहून मागा. नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा, टूरवाले काय कमी आहेत जळगावात.