आडनाव नव्हे, आळी शोधा : चर्चच्या नोंदवह्या आणि जनगणना यांचा अकरा महिन्यांचा अनुभव

वसईतील आमच्या घराण्याची वंशावळ लावण्यासाठी गेले अकरा महिने मी दोन प्रकारची साधने वापरत आहे. पहिले साधन म्हणजे आमच्या धर्मग्रामातील (एका चर्चच्या हद्दीतील) बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या जुन्या नोंदवह्या आणि दुसरे म्हणजे इंग्लंडची १९२१ सालची जनगणना. या शोधाला इंग्लंडची जनगणना कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ बोटीवर आचारी होते आणि ते लंडनहून पत्रे पाठवत असत, एवढे घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. त्या धाग्याचे टोक तिथे सापडेल, अशी आशा होती.

आपल्याकडच्या जनगणनेविषयी आधीच सांगून टाकतो, कारण माझे पहिले दोन आठवडे तिच्यामागे वाया गेले. भारतात १८७२ साली पहिली आणि १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणना झाली, तिचे जाडजूड अहवालही वाचायला मिळतात. परंतु त्यांत कोष्टके असतात, माणसे नसतात. ठाणे जिल्ह्यात ख्रिस्ती किती, हे समजते. त्यांत आपले खापरपणजोबा कोण, हे समजत नाही. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत माहिती कोणालाही पाहता येत नाही. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या जनगणनेची घरोघरची पाने, थोडीफार गहाळ झालेली सोडल्यास, जपलेली आहेत आणि ती शंभर वर्षांनी खुली होतात. १९२१ ची पाने जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणनाच झाली नाही, त्यामुळे पुढची पाने पाहण्यासाठी २०५२ पर्यंत थांबावे लागेल.

आता वह्यांकडे येतो. सर्वांत आधी एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे आडनावावरून शोधण्याची. वसईत पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे (मुलाच्या बाप्तिस्म्याला जबाबदार म्हणून उभ्या राहणाऱ्या माणसाचे) किंवा धर्मगुरूचे आडनाव मिळण्याची रीत होती, त्यामुळे एकाच गावातील दोन परेरा घराण्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसू शकतो. त्यात एकच आडनाव गोन्साल्विस, घोन्साल्विस, गोन्सालो असे लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणे बदलते. या वह्यांतील नावांच्या संगणकावरील सूचीत मी आडनाव घातले तेव्हा चारशेच्या वर नोंदी आल्या आणि त्यांतील एकही आमची नव्हती. खरी ओळख पटते ती आळीच्या नावावरून आणि धर्मपिता-धर्ममाता यांच्या नावांवरून. आमच्या घरातील सलग पाच बाप्तिस्म्यांना एकाच आळीतील एकाच घराची माणसे धर्मपिता म्हणून उभी आहेत. ते घर म्हणजे माझ्या खापरपणजीचे माहेर, हे पुढे विवाहाच्या वहीत सिद्ध झाले. मूळ पान वाचल्याशिवाय हे कळणे शक्य नव्हते, कारण सूची करणारे बहुधा मूल आणि आईवडील एवढीच नावे टिपतात व धर्मपित्याचा रकाना सोडून देतात. माझ्या मते या वह्यांतील सर्वांत मोलाचा रकाना तोच आहे.

वह्या पोर्तुगीज भाषेत आहेत. हा भाग पोर्तुगीज पाद्रोआदोच्या (पोर्तुगालच्या राजाला चर्चच्या कारभारात मिळालेल्या हक्काच्या) अधिकाराखाली, १८८६ ते १९२८ या काळात दमणच्या धर्मप्रांतात होता, हे त्याचे कारण. भाषेची धास्ती मात्र बाळगू नये. प्रत्येक नोंदीचा साचा ठरलेला असतो; ‘फिल्यु लेजीतिमु’ म्हणजे औरस पुत्र, ‘पाद्रिन्युश’ म्हणजे धर्मपिता-धर्ममाता, अशी चाळीसएक शब्दांची यादी पाठ झाली की पान वाचता येते. त्रास होतो तो अक्षराचा आणि शाईचा. जुन्या शाईने कागद खाल्ला आहे, त्यामुळे काही ओळींच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोकेच उरली आहेत.

माझी स्वतःची घोडचूक इथेच झाली. १८८७ च्या बाप्तिस्म्याच्या वहीत लंडनच्या आजोबांच्या, म्हणजे पणजोबांच्या त्या धाकट्या भावाच्या, नावाच्या मुलाची नोंद होती. तारीख बारा आणि महिन्याच्या जागी सातचा आकडा, त्याला चिकटून बारीक अक्षरांत ‘ब्रो’. सातवा महिना जुलै, असे मी धरले. पुढे जनगणनेत लंडनच्या गोदीजवळील एका वसतिगृहात त्याच नावाचा बोटीवरचा आचारी मिळाला. जन्मस्थान म्हणून केवळ ‘मुंबई’ लिहिलेले. त्या जनगणनेत वयाची वर्षे आणि वर महिनेही विचारले होते, आणि ती झाली १९ जून १९२१ रोजी. त्याचे वय होते तेहेतीस वर्षे नऊ महिने. म्हणजे जन्म २० ऑगस्टच्या आधीचा असूच शकत नाही. मग जुलैत त्याचा बाप्तिस्मा कसा होणार? महिनाभर मी या एका माणसाची दोन माणसे करून दोन फांद्या वाढवत बसलो. अखेर जुने पोर्तुगीज वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी सांगितले की सातचा आकडा ‘सेते’ असा वाचायचा आणि पुढचा ‘ब्रो’ त्याला जोडायचा : ‘सेतेंब्रो’, म्हणजे सप्टेंबर. त्याच न्यायाने आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. वरची नोंद ऑगस्टची होती, हे मला तेव्हाच दिसायला हवे होते. तेव्हापासून कोणतीही नोंद मी तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन नोंदींसह उतरवून घेतो.

आणखी एक गोष्ट समासातील. १९०८ पासून विवाहाची नोंद वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढेही करावी, असा रोममधून नियम झाला. त्यामुळे १८८० च्या दशकातील पानाच्या कडेला वेगळ्या शाईत, वेगळ्या हातच्या दोन ओळी दिसतात. पणजोबांच्या नोंदीपुढील अशाच दोन ओळींवरून त्यांचे लग्न मुंबईच्या एका चर्चमध्ये झाल्याचे समजले. घरातले सर्वजण ते लग्न गावीच झाले, असे समजत होते. विवाहाच्या वहीत ‘चौथ्या अंशाच्या नात्यासाठी सूट’ (नात्यातील लग्नाला चर्चने दिलेली परवानगी) असा शेरा दिसला तर ती नोंद कदापि सोडू नये, कारण खापरपणजोबांच्या पिढीत वधूवरांचा पूर्वज एकच होता, हे तो शेरा सांगतो. मृत्यूच्या वहीतून मिळते थोडे, पण १९१८ च्या ऑक्टोबरची पाने इन्फ्लुएन्झाने अशी भरली आहेत की मी ती एका बैठकीत वाचू शकलो नाही.

तक्रार करायचीच तर ती दोन गोष्टींबद्दल आहे. एका सशुल्क संकेतस्थळाने वर्गणी संपताना आठवण न करता पुढील वर्षाचे पैसे कापून घेतले. आणि एका चर्चच्या कार्यालयाने तीन पत्रांना उत्तर दिले नाही. चौथ्या वेळी मी स्वतः गेलो, तर वही दहा मिनिटांत टेबलावर आली. त्यावरून असे वाटते की पत्रात ‘माझी वंशावळ’ असे न लिहिता नाव, आळी आणि पाचएक वर्षांचा टप्पा नेमका लिहावा. वही हाताळताना पेन्सिलच वापरावी व छायाचित्रासाठी आधी विचारावे. काही ठिकाणी परवानगी मिळते, काही ठिकाणी नाही.

खर्चाचे म्हणाल तर वह्यांसाठी प्रवास आणि ऐच्छिक देणगी एवढाच खर्च झाला. जनगणनेच्या मूळ पानाचे पैसे पडले, पण त्या पानावर मालकाच्या रकान्यात बोटीच्या कंपनीचे नाव मिळाले, त्यामुळे ते वसूल झाले. सध्या १८६० च्या दशकातील विवाहांची वही चालू आहे. कार्यालय बुधवारी दुपारी दोनच तास उघडे असते आणि एका बैठकीत माझी सहा पाने वाचून होतात.