‘बेटर’ क्रियापदाच्या आधी की नंतर? गूगल एन-ग्राम व्ह्यूअरचं परीक्षण

‘टू बेटर अंडरस्टँड’ लिहावं की ‘टू अंडरस्टँड बेटर’, असा प्रश्न पडला की व्याकरणाची पुस्तकं नियम सांगतात, पण प्रत्यक्षात लोक काय लिहितात ते क्वचितच दाखवतात. डिसेंबर 2010 मध्ये सुरू झालेलं गूगलचं एन-ग्राम व्ह्यूअर नेमकं तेच दाखवतं. ते फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. स्कॅन केलेल्या पुस्तकांत एखादा शब्दसमूह कोणत्या वर्षी किती प्रमाणात आला, याचा आलेख ते काढून देतं. भाषांतरकार, संपादक आणि इंग्रजीचे शिक्षक यांनी ते जरूर वापरावं. फक्त प्रश्न नीट विचारावा लागतो.

सगळ्यात मोठी फसगत इथंच होते. ‘बेटर अंडरस्टँड’ आणि ‘अंडरस्टँड बेटर’ स्वल्पविरामानं जोडून टाकले की दोन रेषा येतात आणि निकाल लागला असं वाटतं. पण ‘अंडरस्टँड’ला बहुतेक वेळा कर्म लागतं आणि ‘बेटर’ मागे ठेवलं की ते कर्म दोघांच्या मधे येतं: ‘अंडरस्टँड द प्रॉब्लेम बेटर’. ही सगळी वाक्यं दुसऱ्या रेषेत मोजलीच जात नाहीत. म्हणून कर्मासकट तुलना करा: ‘बेटर अंडरस्टँड इट’ विरुद्ध ‘अंडरस्टँड इट बेटर’. कर्म ‘इट’सारखं छोटं असेल तर ‘बेटर’ मागे सहज बसतं. कर्म लांबलचक असेल तर ‘बेटर’ क्रियापदाच्या आधी आणणं सोयीचं, नाहीतर वाक्य संपेपर्यंत वाचक लटकून राहतो.

दुसरी भेसळ ‘हॅड बेटर’ची. ‘यू हॅड बेटर अंडरस्टँड’ म्हणजे ‘समजून घे, नाहीतर बघ’. इथं तुलना नाहीच. तरीही ही वाक्यं ‘बेटर अंडरस्टँड’च्या मोजणीत येतात. आधी ‘टू’ जोडलं की ती गाळली जातात.

धातुसाधितांसाठी, म्हणजे ‘नोन’, ‘पेड’सारख्या क्रियापदापासून बनलेल्या रूपांसाठी, हे साधन फार कामाचं आहे. ‘बेटर’नंतर जागा सोडून तारांकन (*) टाका, त्याला लागून अंडरस्कोर (_) आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘व्हर्ब’ (VERB). ‘बेटर’नंतर येणारी सर्वाधिक वापरातली दहा क्रियापदरूपं मिळतात. ‘नोन’सारखी रूपं कधी क्रियापद तर कधी विशेषण म्हणून नोंदलेली असतात, म्हणून ‘व्हर्ब’च्या जागी ‘एडीजे’ (ADJ, विशेषणाची खूण) टाकूनही बघा. आधुनिक इंग्रजीसाठी शब्दांच्या जाती दाखवणाऱ्या या खुणा सुमारे 95 टक्के अचूक असल्याचं गूगल सांगतं.

जोडरेषा असेल तर सावध. ‘बेटर-नोन’ तीन घटक (दोन शब्द आणि मधली जोडरेषा) धरलं जातं आणि एका शोधात जास्तीत जास्त पाच घटक चालतात. ‘अ बेटर-नोन रायटर’मध्येच मर्यादा संपते. नामाआधी ‘बेटर-पेड जॉब’ला जोडरेषा देतात, ‘शी इज बेटर पेड’ला नाही, ‘मोर वाइडली यूज्ड मेथड’मध्येही ती लागत नाही.

मराठीत क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी येतं, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांकडून ‘ही फास्टर रन्स’ सहज लिहिलं जातं. ‘फास्टर’, ‘हार्डर’ यांसारखी रूपं क्रियापदामागेच जातात. आधी चालतात ती ‘बेटर’, ‘फर्दर’ आणि ‘मोर इझिली’ घाटाची. इथं नुसतं ‘फास्टर रन्स’ शोधू नका. रेषा दिसते, पण त्यातलं ‘रन्स’ बहुतेकदा नाम असतं. कर्त्यासकट शोधा.

उलट, काहीच दिसलं नाही म्हणून रचना चूक ठरत नाही. निदान 40 पुस्तकांत न आलेला शब्दसमूह या साठ्यात घेतलेलाच नाही.

स्मूदिंग, म्हणजे आलेखाची रेषा गुळगुळीत करणारी सोय, मुळात 3 असतं, म्हणजे प्रत्येक बिंदू सात वर्षांची सरासरी असतो. जुन्या काळाचे खरे चढउतार बघायचे तर ते 0 करा. शिवाय मूळ इंग्रजी साठ्यात शास्त्रीय ग्रंथ भरपूर आहेत आणि ‘टू बेटर अंडरस्टँड’ हा शोधनिबंधांचा लाडका प्रयोग. तोच शोध ‘इंग्लिश फिक्शन’ साठ्यात करून बघितल्याशिवाय संवादात किंवा कथेत तो वापरू नये. बोलण्यातली इंग्रजी इथं नाही. त्यासाठी संभाषणं असलेला कॉर्पस, म्हणजे भाषेच्या नमुन्यांचा संग्रहच हवा.