गायरानातल्या रोपांसाठी बांबूचा ट्री गार्ड: घ्या, पण उंची बघून

आमच्या माण तालुक्यात गायरानात झाड लावणं सोपं आहे, ते शेळीच्या तोंडातून वाचवणं अवघड. आठवडी बाजारातल्या बुरुडाकडून मी बांबूचे ट्री गार्ड घेते. वस्तू चांगली आहे, वीण घट्ट असते आणि एका लोखंडी गार्डच्या पैशांत बांबूचे तीन-चार येतात.

तयार मिळतो तो मात्र बहुतेक चार फुटी. मेंढीपुरता तेवढा ठीक, कारण ती मान खाली घालून चरते. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि पाच-साडेपाच फुटांवरचा पाला ओरबाडते. शेंडा गेला म्हणून रोप लगेच मरत नाही, ते बाजूने फुटतं. तो फुटवाही खाल्ला जातो आणि वर्षानुवर्षं झाडाचं झुडूपच राहतं. म्हणून सहा फुटी गार्ड सांगून करून घ्या. कामट्यांमध्ये तीन बोटांपेक्षा जास्त फट नको.

दुसरी कमजोरी बुडाशी. मातीत गेलेला बांबू वाळवी खाते, मग म्हैस मान घासायला आली की गार्ड रोपासकट आडवा. खालच्या हातभर भागाला डांबर फासा आणि बाहेरून हिवराचे तीन खुंट ठोकून तारेने बांधा. लोखंडी गार्ड टिकतो, पण उघड्या माळावरून तो भंगारात जायला वेळ लागत नाही. हिरवी जाळी गुंडाळू नका. आतलं रोप उन्हाअभावी किडकिडीत होतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. गायरानात कुणी न लावलेले लिंब कुठे उभे आहेत, ते जाऊन बघा. बरेचसे बोरीच्या जाळीतून वर आलेले दिसतील. लिंबोळ्या खाल्लेले पक्षी बोरीवर बसतात, बी खाली पडतं आणि रोप काट्यांच्या आत वाढतं. बाहेर डोकं काढेपर्यंत बुंधा मनगटाएवढा झालेला असतो. बाभूळ तर शेळीच पेरते: उन्हाळ्यात शेंगा खाते आणि बी लेंडीतून माळावर पडतं. तरवडाला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे त्याच्या आडोशाचं रोपही वाचतं, शिवाय चैत्र-वैशाखात त्याला सावली मिळते.

म्हणून मी वड, पिंपळ, चिंच तरवडाला किंवा बोरीला खेटून लावते आणि गार्डच्या उघड्या बाजूला बोरीच्या फांद्या गुंफते. वृक्षारोपणाआधी जेसीबी लावून हीच झुडपं साफ केली जातात, तेव्हा जीव तुटतो. रोपांचं फुकटचं कुंपण आपण आपल्या हातांनी उपटतो. सीताफळाला गार्डची गरज नाही, त्याचा पाला शेळ्या खात नाहीत. करंजालाही फारसा त्रास होत नाही.

शेंडा शेळीच्या आवाक्याबाहेर गेला तरी घाई करू नका. कोवळी सालही ती सोलते. साल खरखरीत झाली की मगच गार्ड काढा.

मागणी मृगाच्या बरीच आधी नोंदवा. पहिला पाऊस पडला की सगळेच बुरुडाकडे धावतात आणि मग चार फुटीच हातात पडतात.